जखम नसलेले दुखणे

ज्या शहराने १८८८ व १८८९ या लागोपाठच्या दोन वर्षांत, शस्त्रक्रियेच्या मेजावरील वेदना निर्धोकपणे कशी नाहीशी करावी या एकाच प्रश्नासाठी दोन कमिशने बसविली, शेकडो मुक्या जनावरांवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग केले, आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खजिन्यातून एक हजार पौंड देऊन ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकाचा प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन यांच्यासारखा नामांकित डॉक्टर थेट लंडनहून बोलावून घेतला, त्या हैदराबादला वेदनेविषयी अनास्था होती असे कोणालाही म्हणता येणार नाही. या खटाटोपाचे सूत्रधार होते ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी. १८४६ साली उर्दू माध्यमातून सुरू झालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलची सूत्रे त्या वेळी त्यांच्याच हाती होती. त्यांचा आग्रह असा, की क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो श्वास कोंडून, हृदय थांबून नव्हे. म्हणून भूल देणाऱ्याने नाडी चाचपीत न बसता श्वासावर नजर ठेवावी, म्हणजे धोका उरत नाही. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी क्लोरोफॉर्म हृदयाचा घात थेट करू शकतो हे दाखविले, आणि लॉरींच्या सिद्धांताचा पायाच ढासळला. परंतु त्या धामधुमीत त्याच शाळेच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी भूलशास्त्रात तयार झाल्या, आणि जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होऊ लागली, ही जमेची बाजू मला कमिशनच्या साऱ्या अहवालाहून मोलाची वाटते.

मात्र ही सगळी तजवीज सुरीच्या वेदनेसाठी होती. सुरीची वेदना दिसते, तिला आरंभ असतो, टाके सुकले की अंत असतो, आणि तिच्याविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करीत नाही. याच शहरात आज सुलतान बाजार, काचीगुडा, मलकपेठ, कुकटपल्ली अशा कोणत्याही वस्तीत चार घरे हिंडले तर दुसऱ्याच एका वेदनेची माणसे भेटतात. कोणाच्या तळपायाची रात्रभर आग होते आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. कोणाला नागीण होऊन गेली, फोड वाळले, खपल्या पडल्या, परंतु बरगडीवरचा पट्टा वर्ष उलटले तरी भाजल्यासारखाच आहे. कोणाच्या गालातून घास चावताना, दात घासताना, नुसती वाऱ्याची झुळूक लागताना विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. जखम दाखवावी तर जखम नाही, सूज दाखवावी तर सूज नाही. या दुखण्याला मज्जातंतूंची वेदना म्हणतात. बोलण्यात आपण तिला नसांचे दुखणे म्हणतो, मग त्या नसेतून रक्त वाहते की संवेदना, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

एरवी वेदना हा शरीराचा पहारा आहे. काटा रुतला, विस्तव लागला, की मज्जातंतू ती वर्दी पाठीच्या कण्यातील रज्जूमार्फत मेंदूकडे पोहोचवितात आणि हात आपोआप मागे येतो. परंतु वर्दी देणारी ही यंत्रणाच रोगाने वा इजेने बिघडली, तर कारणावाचून वर्दी जाऊ लागते. दारावरच्या घंटेची तार आतल्या आत चिकटावी आणि बाहेर कोणी नसताना घंटा वाजत राहावी, तसा हा प्रकार. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली ठरविलेली व्याख्याही हेच सांगते, की संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेच्याच इजेमुळे वा रोगामुळे उद्भवणारी वेदना ती ही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली वेदना दीर्घकालीन समजावी असा संकेत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आणलेल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात अशा वेदनेला प्रथमच स्वतंत्र, पद्धतशीर वर्गवारी मिळाली. तोपर्यंत ती दुसऱ्या कोणत्या तरी रोगाच्या सदरात आश्रिताप्रमाणे राहत होती.

हैदराबादचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो पायांच्या आगीचा आहे. १८२६ साली, पहिल्या ब्रह्मी युद्धातील हिंदी शिपायांच्या जळजळणाऱ्या पायांचे वर्णन ग्रिअरसन नावाच्या डॉक्टरने कलकत्त्यात प्रसिद्ध केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९४६ साली, मद्रासकडील गरीब रोग्यांत तेच दुखणे पाहून कोलुतूर गोपालन या तरुण संशोधकाने त्यावर निबंध लिहिला आणि अपुऱ्या आहारातील ब गटाच्या जीवनसत्त्वांच्या उणिवेकडे बोट दाखविले. ते गोपालन ज्या संस्थेत होते ती पोषण संशोधनशाळा १९१८ साली कुन्नूरच्या थंड डोंगरावर बेरीबेरीच्या चौकशीसाठी निघालेली; १९५८ साली ती हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी तारनाक्याला आली, गोपालन तिचे संचालक झाले, आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्येच लिहिलेला ज्वारी खाणाऱ्यांच्या पेलाग्रा रोगावरील निबंध मराठवाड्याच्या माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे, कारण ज्वारीवर पोसलेला हा सारा दख्खनचा मुलूख त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ज्वारीतील ल्युसीनविषयीच्या त्यांच्या उपपत्तीवर पुढे वाद झाले, तो भाग वेगळा. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की पायांच्या आगीला ‘उष्णता’ म्हणून सोडून न देता तिचे कारण रक्तात आणि ताटात शोधण्याचा शिरस्ता याच शहरातील एका संस्थेने पाडला.

तो शिरस्ता आजच्या रोग्यालाही उपयोगी आहे. तळपायांची आग, मुंग्या आणि बधिरपणा घेऊन येणाऱ्या माणसाच्या बाबतीत पहिली चौकशी रक्तातील साखरेची व्हावी लागते. देशात मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झाले, आणि मधुमेह्यांपैकी सुमारे निम्म्या जणांच्या मज्जातंतूंना कालांतराने काही ना काही इजा होते. दुसरी चौकशी ब-१२ जीवनसत्त्वाची. शुद्ध शाकाहारी घरांत त्याचा तुटवडा पुष्कळदा असतो, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत तो वाढतो, त्यामुळे एकाच रोग्यात दोन्ही कारणे हातात हात घालून नांदताना दिसतात. थायरॉइड, मूत्रपिंड, मद्यपान, क्षयावरील आयसोनियाझिड, कर्करोगावरील व्हिंक्रिस्टिन वा पॅक्लिटॅक्सेल, मानेतील वा कमरेतील मणक्यांत दबलेली नस, ही यादी लांबविता येईल. कुष्ठरोगाचे नाव मात्र गाळून चालणार नाही. औषधांनी जंतू गेले, रोगी सरकारदरबारी बरा झाला, तरी कोपरामागच्या वा गुडघ्याजवळच्या जाड झालेल्या नसेचे दुखणे मागे उरते. आणि ते अचानक उफाळून हाताची शक्ती कमी होऊ लागली तर स्टिरॉइड वेळेवर मिळणे इतके निकडीचे असते की आठवडाभराची दिरंगाईदेखील महागात पडावी. कुमुदिनीदेवी यांनी १९५८ साली कुकटपल्लीला कुष्ठरोग्यांसाठी काढलेले शिवानंद पुनर्वसन गृह अजून उभे आहे. पुढे १९६२ साली त्या शहराच्या महापौर झाल्या, तेव्हा शहराला नको असलेल्या माणसांची वास्तपुस्त घेणारी बाई शहराच्या पहिल्या खुर्चीत बसली, असा विरळा योग हैदराबादने पाहिला.

आता खरी अडचण. हे दुखणे चाचण्यांच्या कागदावर पुष्कळदा उमटत नाही. मज्जातंतूंतून विजेचा प्रवाह किती वेगाने जातो हे मोजणारी जी चाचणी सर्रास केली जाते, ती जाड तंतूंची परीक्षा घेते. वेदना आणि उष्णता वाहणारे बारीक तंतू तिच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणून पाय जळत असतानाही अहवालावर ‘सर्व ठीक’ असा शेरा येऊ शकतो. तो शेरा पाहून घरचे म्हणतात, डॉक्टरांनीच सांगितले आहे, तुला काही झालेले नाही. आणि डॉक्टर घाईत असले तर तेही तसेच म्हणतात. वास्तविक या रोगाचे निदान यंत्रापेक्षा प्रश्नांनी आणि साध्या हत्यारांनी अधिक नीट होते. आग होते का, बोचरा गारठा वाटतो का, विजेचा झटका बसतो का, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज आहे का, असे विचारून आणि तेथील त्वचा स्पर्शाला व टोचणीला बधिर आहे का, ब्रशच्या हलक्या स्पर्शाने दुखते का हे तपासून, दहा लक्षणांपैकी चार जमली तर दुखणे मज्जातंतूंचे मानावे, अशी फ्रेंच डॉक्टरांनी रचलेली प्रश्नावली २००५ पासून जगभर वापरात आहे. कापसाचा बोळा, टाचणी, १२८ कंपनांचा नादकाटा आणि १० ग्रॅम भाराचा नायलॉनचा धागा एवढ्या सामग्रीवर पायाची परीक्षा पाच-दहा मिनिटांत होते. ती करण्यासाठी डॉक्टरने रोग्याचे मोजे उतरविले पाहिजेत, आणि माझ्या मते डॉक्टर पारखण्याची हीच पहिली कसोटी आहे: पाय दुखतो म्हणून सांगणाऱ्याचा पाय ज्याने पाहिला नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्यात अर्थ नाही.

चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याची कथा याहून करुण आहे. कळ हिरडीत वा जबड्यात उठते, म्हणून रोगी सरळ दातांच्या डॉक्टरकडे जातो. एक दाढ काढली जाते, कळ राहते, शेजारची काढली जाते, आणि अशा रीतीने चांगले दात गमावल्यानंतर कोणी तरी त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवितो. हे दुखणे त्रिशाखी नसेचे असते. पुष्कळदा मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर दाब देत असते. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन हे औषध येथे १९६२ पासून वापरात आहे आणि आरंभी तरी त्याचा गुण बहुतेकांना येतो. औषध पुरेनासे झाले तर ती रक्तवाहिनी नसेपासून अलग करण्याची शस्त्रक्रिया आहे. या औषधाने क्वचित कातडी आणि तोंडाची आतील त्वचा सोलून निघण्याचा भयंकर प्रकार घडतो, आणि त्याला कारण होणारे आनुवंशिक लक्षण काही भारतीयांत आढळते. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ दिसताच औषध थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाकीच्या मज्जातंतुवेदनांवर आज ज्या औषधांचा आधार घेतला जातो, त्यांत ॲमिट्रिप्टिलीन, डुलोक्सेटिन, गॅबापेंटिन आणि प्रेगाबॅलिन ही चार नावे प्रमुख आहेत. यांपैकी एकही मुळात वेदनेचे औषध म्हणून जन्मलेले नाही. पहिली दोन मनाच्या खिन्नतेवरची, दुसरी दोन फेफऱ्यावरची. आणि येथेच मोठा घोटाळा होतो. रोगी घरी जातो, मुलगा वा सून गोळीच्या पाकिटावरचे नाव मोबाइलवर शोधते, ‘डिप्रेशन’ असा शब्द दिसतो, आणि घरात कुजबुज होते की डॉक्टरांनी यांना वेडाचे औषध दिले. हैदराबादेत तर या कुजबुजीला एर्रागड्ड्याचा संदर्भ असतो. तेथे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि येरवड्याचे नाव पुण्यात जसे चेष्टेत घेतले जाते तसे एर्रागड्ड्याचे येथे घेतले जाते. गोळ्या कपाटात पडून राहतात. वस्तुतः ॲमिट्रिप्टिलीन वेदनेसाठी देतात ते रात्री १० मिलिग्रॅमपासून, म्हणजे खिन्नतेच्या मात्रेच्या कितीतरी खाली. मेंदूकडून पाठीच्या रज्जूकडे उतरणारे जे वेदनाशामक संदेश असतात त्यांना ते बळ देते. गॅबापेंटिन आणि प्रेगाबॅलिन बिथरलेल्या तंतूंतील कॅल्शियमचे मार्ग आवळतात. एवढी चार वाक्ये औषधाच्या चिठ्ठीबरोबर सांगितली असती, तर कित्येक रोग्यांचे वर्ष वाचले असते.

या औषधांविषयी रोग्याला खोटी आशा देणे मला अपराध वाटतो, म्हणून हिशेब उघड मांडतो. प्रयोगांचा साकल्याने विचार करता, ॲमिट्रिप्टिलीनच्या वर्गातील औषध घेणाऱ्या चार-पाच रोग्यांमागे एकाला आणि प्रेगाबॅलिनच्या वर्गातील औषध घेणाऱ्या सात ते नऊ रोग्यांमागे एकाला, निव्वळ औषधाच्या गुणाने, वेदना निम्म्याने उतरल्याचा लाभ होतो. म्हणजे पहिल्याच औषधाने दुखणे पळाले असे क्वचितच घडते. मात्रा सावकाश वाढवावी लागते, परिणामाची वाट आठवडे पाहावी लागते, न लागू पडल्यास दुसरे औषध, कधी दोहोंची जोड. म्हाताऱ्या पुरुषांत ॲमिट्रिप्टिलीनने लघवी तुंबते, तोंड कोरडे पडते, हृदयाच्या ठोक्यांत फरक होऊ शकतो. प्रेगाबॅलिनने गुंगी, पायांवर सूज आणि तोल जाणे. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते. आणि यांपैकी कोणतेही औषध एकदम बंद करता येत नाही. हे सर्व एकाच डॉक्टरच्या नजरेखाली सहा महिने चालले पाहिजे. आपल्याकडील रोगी पंधरा दिवसांत डॉक्टर बदलतो, नवा डॉक्टर जुनी चिठ्ठी न पाहता तेच औषध दुसऱ्या नावाने, पुन्हा आरंभीच्याच मात्रेत लिहितो, आणि सहा दवाखाने होऊन माणूस म्हणतो की मी सर्व उपाय केले. त्याने खरे तर एकच उपाय सहा वेळा अर्धवट केलेला असतो.

वेदनेला अनेक अंगांनी आणि अनेक जाणत्यांनी मिळून भिडले पाहिजे हा विचार अमेरिकेतील जॉन बोनिका यांचा. हे गृहस्थ भूलतज्ज्ञ आणि शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी कुस्त्या खेळलेले पहिलवान. दुसऱ्या महायुद्धात जखमी शिपायांचे, तोडलेल्या हातापायांतही दुखत राहणाऱ्या माणसांचे हाल त्यांनी लष्करी इस्पितळात पाहिले, १९५३ साली वेदनेच्या उपचारांवर प्रचंड ग्रंथ लिहिला, सिअॅटलला भूलतज्ज्ञ, मज्जारोगतज्ज्ञ, मनोवैद्य अशा सर्वांना एका छपराखाली आणणारा दवाखाना काढला, आणि १९७३ साली वर उल्लेखिलेली आंतरराष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. दरम्यान १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी पाठीच्या रज्जूत वेदनेला वाट देणारे वा अडविणारे एक द्वार असते असा सिद्धांत मांडला. दुखऱ्या जागेभोवती चोळल्याने बरे का वाटते, आणि भीती, झोपमोड, एकटेपणा यांनी दुखणे वाढते ते का, याचे उत्तर त्यातून मिळू लागले. आज मोठ्या इस्पितळांतून ‘पेन क्लिनिक’ नावाचे जे विभाग दिसतात ते बहुधा भूलशास्त्राच्याच आश्रयाने चालतात, ही बोनिकांची परंपरा. रूपाबाईंच्या शहरात ती परकी वाटण्याचे कारण नाही.

हैदराबादेत दरवाजे आहेत. कोणता आधी ठोठवावा एवढेच ठाऊक नसते. अंगावरच्या साध्या तक्रारीसाठी आणि साखर तपासण्यासाठी २०१८ पासून वस्त्यावस्त्यांत बस्ती दवाखाने निघाले आहेत, आणि मधुमेही माणसाच्या पायाची पहिली परीक्षा तेथे होण्यास काही हरकत नसावी. निदान अवघड असेल तर न्यूरॉलॉजी विभाग. तो मुसी नदीकाठच्या उस्मानिया इस्पितळात आहे, सिकंदराबादच्या गांधी इस्पितळात आहे, आणि पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये आहे. हे निम्स म्हणजे निजामाच्या धर्मादाय निधीतून उभारलेले पूर्वीचे हाडांचे इस्पितळ. कर्करोगाच्या रोग्यांसाठी रेड हिल्सवरील एम.एन.जे. संस्थेचा वेदनाशमन विभाग विशेष उल्लेखनीय आहे. मेहदी नवाज जंग हे पुढे गुजरातचे पहिले राज्यपाल झालेले गृहस्थ, त्यांचे नाव या संस्थेला आहे. आणि तेथे डॉ. गायत्री पालट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची सेवा रुजविली, रोग्याच्या घरापर्यंत नेली, आणि मॉर्फिनसारखे औषध गरजवंताला मिळणे ही दयेची नव्हे तर हक्काची बाब आहे हे कृतीने दाखविले. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिनभोवती इतके परवाने गुंफले होते की इस्पितळे ते ठेवण्यासच कचरत. २०१४ च्या दुरुस्तीने ती गुंतागुंत सैल झाली. तथापि कर्करोगाशिवायच्या मज्जातंतुवेदनेत अफूच्या वर्गातील औषधे शेवटच्या रांगेत बसतात हे रोग्यानेही जाणून असावे. ट्रॅमाडॉलसुद्धा २०१८ पासून त्याच कायद्याखाली आलेले आहे. औषधविक्रेत्याच्या ओळखीवर ते मागण्यात शहाणपण नाही.

चारमिनारजवळच्या निजामिया तिब्बी दवाखान्यातही हे रोगी जातात, जुन्या शहरातील पहिलवानांच्या मालिशीलाही जातात, तेल चोळून घेतात, बरे वाटले असे सांगतात, आणि ते खोटे नसते. माझा विरोध मालिशीला नाही. विरोध आहे तो पुडीत काय आहे हे न सांगता दिल्या जाणाऱ्या चूर्णांना आणि गोळ्यांना, कारण त्यांत कधी स्टिरॉइड मिसळलेले असते आणि कधी शिसे वा सोमल, आणि शिसे-सोमल हे स्वतःच मज्जातंतूंचे वैरी आहेत. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या ब-जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचेही तसेच; ब-६ दीर्घकाळ भरमसाट पोटात गेले तर तेच हातापायांना बधिर करते. आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसण्याची किंवा तापविलेल्या विटेने शेकण्याची सवय तर मधुमेही घरांतून हद्दपारच झाली पाहिजे, कारण ज्या पायाची आग होते त्याच पायाला बाहेरचा चटका पुष्कळदा कळत नाही, आणि फोड दिसेतो कातडी गेलेली असते. अशा पायासाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल असते. वेलोरकडे कुष्ठरोग्यांसाठी पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना हरपलेल्या पायांचा अभ्यास केला, त्या काळापासून ती रूढ झाली; आज मधुमेह्यांनाही तीच देतात, आणि ती घेताना लाजण्याजोगे काही नाही.

नागिणीच्या बाबतीत तर वेदना येण्याआधीच अडविता येते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू झाले तर आजार सौम्य होतो. म्हणून ‘नागिणीची दोन टोके मिळाली की माणूस जातो’ असली भाकिते ऐकत, मंत्र घालून घेत तीन दिवस दवडू नयेत. पन्नाशी उलटलेल्यांसाठी दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. ती महाग आहे, सरकारी योजनेत नाही, परंतु ज्याला परवडते त्याने डॉक्टरला विचारावी, कारण नागिणीनंतरचे दुखणे साठीपुढच्या माणसांना अधिक गाठते आणि एकदा मुरले की औषधांना सहज बधत नाही.

आधाराचा प्रश्न औषधाहून नाजूक. दीर्घ वेदनेने झोप जाते, झोप गेली की वेदना चढते, माणूस चिडखोर होतो, घरची माणसे त्याला टाळू लागतात. घरातील कर्ती बाई अशी आजारी पडली तर तिला आराम मिळण्याऐवजी सल्ले मिळतात. अशा वेळी ‘किती दुखते?’ हा प्रश्न रोज विचारण्यात फारसे हशील नाही. ‘आज काय करणे जमले?’ हा प्रश्न बरा, कारण उपचाराचे यश वेदनेच्या आकड्यापेक्षा रात्रीच्या झोपेत, चालण्यात आणि कामात दिसते. बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकून पुढचे तीन दिवस अंथरुणावर काढण्यापेक्षा, बऱ्या-वाईट दोन्ही दिवशी ठरावीक वेळ चालणे आणि ठरावीक वेळ विसावणे, हे वळण फिजिओथेरपिस्ट लावून देतो. खिन्नता गडद झाली, जीव नकोसा वाटू लागला, तर टेली-मानस ही २०२२ साली सुरू झालेली सरकारी दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. आणि येथे मनोवैद्याकडे जाणे म्हणजे दुखणे काल्पनिक असल्याची कबुली नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनीच आधी बोलून दाखविले तर रोग्याला ती पायरी चढणे सोपे जाते.

पैशाची बाजू थोडक्यात. तेलंगणाची आरोग्यश्री योजना, जिची मर्यादा २०२३ च्या डिसेंबरात १० लाख रुपयांवर गेली, ती मुख्यतः इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे; दरमहाच्या गोळ्यांचा खर्च रोग्याच्या खिशातूनच जातो. जनऔषधी केंद्रांत गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिन, ॲमिट्रिप्टिलीन ही तिन्ही पुष्कळ स्वस्त मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य आहेत, त्यांत बरे झालेले कुष्ठरोगी आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, परंतु नुसती वेदना नाही. दाखला हवा असेल तर हातापायांतील शक्तीची आणि संवेदनेची उणीव तपासून नोंदवून घ्यावी लागते. ‘वेदनेचे माप कोण काढणार’ हा वैद्यकीय मंडळांचा आक्षेप अगदीच निराधार नाही, पण माप निघत नाही म्हणून वस्तूच नाही असे ठरविणे हा कारकुनी न्याय झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यापासून वेगळे झाले, परंतु दुखण्याने ती सरहद्द कधी मानली नाही. देगलूर, बिलोली, उदगीर या बाजूचा माणूस अजूनही मोठ्या आजाराला हैदराबादची वाट धरतो. ‘विवेकवर्धिनी’च्या गावात, जेथे १९०७ पासून मराठी शाळा चालते, कोणी ना कोणी नातलग असतोच, आणि नांदेडहून रात्रीची गाडी सकाळी पोहोचविते. या माणसाने दर महिन्याला खेप घालणे मात्र व्यर्थ आहे. हैदराबादेत निदान व्हावे, औषध आणि मात्रा ठरावी, आणि डॉक्टरकडून एक नीट पत्र मागून घ्यावे: कोणते औषध, कोणत्या मात्रेपर्यंत, कोणत्या त्रासाला थांबवायचे, मूत्रपिंडाची तपासणी केव्हा. ते पत्र आणि जुन्या सगळ्या चिठ्ठ्या तारीखवार लावून नांदेडच्या विष्णुपुरीतील शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात वा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत रुजू व्हावे. पुढील पाच-सहा महिने मात्रा वाढविण्या-उतरविण्याचे काम तेथेही होऊ शकते, आणि प्रकृती बिघडली वा नवे लक्षण दिसले तरच पुन्हा हैदराबादचे तिकीट काढावे.